‘मोडकी’ भाषा आणि अभ्यासकाचे उत्तरदायित्व

भाषेचा वाद वर्ध्याला नवा नाही. १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समितीची येथे स्थापना झाली. १९३७ च्या ऑक्टोबरात येथेच भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. १९४२ साली हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली, ती ‘हिंदी म्हणजे नेमकी कोणती हिंदी?’ हा तंटा मिटेना म्हणून. राष्ट्राची भाषा, घरची भाषा आणि बाजारात सर्रास चालणारी भाषा असे तीन दावे सहा-सात वर्षांच्या अवधीत एकाच लहानशा गावात शेजारी येऊन बसले, आणि त्यांचा निवाडा तेथे झाला नाही. पुढे १९७५ च्या जानेवारीत नागपुरास पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, तेथे वर्ध्यास आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ असावे असा विचार मांडला गेला, आणि १९९६ च्या संसदीय कायद्यान्वये १९९७ मध्ये ते अस्तित्वात आले.

आज आर्वीचा किंवा समुद्रपूरचा विद्यार्थी घरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर, हिंदीच्या आधाराने, स्पॅनिश, फ्रेंच, चिनी वा जपानी शिकू शकतो. त्याच आवारात भाषाविज्ञान आहे, आणि स्थलांतरित भारतीय समाजांचा अभ्यासही आहे. या तिसऱ्या अभ्यासातून कॅरिबियन प्रदेश वर्ध्यात येतो. ‘कॅरिबियन भाषा’ अशी पाटी लावून नव्हे, तर त्रिनिदाद, गयाना, सुरीनाम येथे ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांच्या भाषेच्या निमित्ताने. आणखी एक वाट फ्रेंचमधून जाते. फ्रेंच शिकणाऱ्याला केव्हातरी हैतीची भाषा भेटतेच. तिची बहुतेक शब्दसंपत्ती फ्रेंचमधून आलेली, पण ती ऐकून पॅरिसच्या माणसाला तिचा अर्थ लागत नाही.

या योगातून एक प्रश्न उद्भवतो, आणि तो अभ्यासक्रमाचा नसून नीतीचा आहे. ज्या भाषेला तिचे बोलणारेच ‘मोडकी’ म्हणतात, तिचा अभ्यास करणाऱ्यावर कोणते उत्तरदायित्व येते? भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला सांगितले जाते की सर्व भाषा समान आहेत. हे विधान आपण कोणत्या अर्थाने उच्चारतो?

ते वस्तुस्थितीचे विधान मानले तर ते उघडच अपुरे आहे. फ्रेंचची अकादमी १६३५ ची, स्पॅनिशची १७१३ ची. हैतीच्या क्रिओलला संविधानाने फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा केले ते १९८७ मध्ये, आणि तिची अकादमी प्रत्यक्षात आली ती २०१४ मध्ये. कोश, न्यायालय, शाळा, छापखाना आणि नोकरी यांपैकी कोणत्याच बाबतीत भाषा समान नाहीत. त्यावर भाषावैज्ञानिक म्हणतो, ‘आम्हांस अभिप्रेत आहे ती रचनेची समानता: प्रत्येक भाषा नियमबद्ध असते आणि तिच्या समाजाच्या गरजांना पुरी पडते.’ हे बव्हंशी खरे आहे. पण ते प्रत्येक भाषेबाबत तपासून पाहिल्यावर काढलेला निष्कर्ष म्हणून आपण सांगत नाही. तपासणीस बसण्यापूर्वीच ते गृहीत धरतो. म्हणजे ते एक व्रत आहे. न्यायाधीश आसनावर बसण्यापूर्वी शपथ घेतो, त्या जातीचे. आणि शपथेची कसोटी परक्याच्या खटल्यात लागत नाही.

मी अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गाला भाषाविज्ञानाची एक पत्रिका शिकवली. क्रिओल भाषांचा भाग आला की मी फळ्यावर हैतीच्या क्रियापदाची रचना मांडीत असे. ‘ते’ हा भूतकाळाचा शब्द, ‘आप’ हा चालू क्रियेचा; दोन्ही क्रियापदाच्या आधी येतात; ‘ते’ आधी, ‘आप’ नंतर, आणि हा क्रम उलटता येत नाही. मळ्यावरच्या गुलामांच्या तोंडी फ्रेंचची मोडतोड झाली, एवढेच जर झाले असते, तर हा न मोडणारा क्रम कोठून आला? वर्गाला हे पटे. नव्हे, आवडे. मग मी म्हणे, आता तुमच्या घरच्या बोलीतून असाच चालू भूतकाळ सांगा. एकदा हिंगणघाटकडच्या एका विद्यार्थिनीने क्षणभर विचार करून उत्तर दिले, ‘मी जेवत होते.’ वर्गाबाहेर मैत्रिणीशी ती ‘जेवून रायली होती’ असेच बोलत असणार. हैतीच्या शेतकऱ्याला तिने जे विनासायास देऊ केले, ते स्वतःच्या आईला देताना तिची जीभ अडखळली.

तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. मी लहानपणी शाळेत ‘मले’ म्हणालो तेव्हा गुरुजींनी तो शब्द माझ्याकडून पन्नास वेळा ‘मला’ असा लिहवून घेतला होता. आणि पुढे मी स्वतः शिक्षक झाल्यावर, इतक्या वर्षांत, ‘मले’ हा शब्द फळ्यावर एकदाही लिहिला नाही. जमैकाची वाक्ये लिहिली, पापियामेंतोची लिहिली. आपल्या बोलीसाठी मात्र मी नेहमी ‘वऱ्हाडी-नागपुरी’ असे जोडनाव वापरून पुढे सरकलो. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ चा. त्यात स्टेन कोनो यांनी वऱ्हाडी आणि नागपुरी यांचे नमुने वेगवेगळे नोंदवले, तेव्हा एका नॉर्वेजियन विद्वानाला जे नोंदण्याजोगे वाटले ते मला फळ्यावर लिहिण्याजोगे वाटले नाही. वर्धा नदीच्या कोणत्या तीरावर कोणती बोली संपते हा प्रश्न रंजक आहे. तो विचारून मूळ प्रश्न टाळता येतो, हे मला उशिरा कळले.

मराठी आणि कॅरिबियन यांची गाठ केवळ माझ्या वर्गात पडली असे नाही. एप्रिल १९६८ मध्ये जमैकातील मोना येथे, वेस्ट इंडीज विद्यापीठात, पिजिन आणि क्रिओल भाषांवर एक परिषद झाली. (भिन्न भाषा बोलणाऱ्यांत कामापुरती तयार होते ती पिजिन, पुढच्या पिढीची जन्मभाषा म्हणून वाढते ती क्रिओल, असा ढोबळ भेद येथे पुरेसा आहे.) त्या परिषदेचा ग्रंथ डेल हाइम्स यांच्या संपादनाखाली १९७१ मध्ये निघाला आणि या विषयाचा पायाग्रंथ ठरला. त्यात जमैका, हैती, सुरीनाम असणार हे ओघाने आले. पण त्यातले दोन निबंध महाराष्ट्रावर आहेत. गंपर्झ आणि विल्सन यांचा निबंध सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाविषयी आहे. तेथे मराठी, कन्नड आणि उर्दू शेकडो वर्षे एकत्र नांदल्याने तिन्हींचे व्याकरण इतके सारखे झाले आहे की एका भाषेतल्या वाक्यातले शब्द जागच्या जागी बदलले की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार व्हावे. दुसरा निबंध फ्रँकलिन साउथवर्थ यांचा. त्याचा विषय कुपवाडसारखे एखादे गाव नसून सगळी मराठी हाच आहे: मराठीच्या उगमकाळी पिजिनीकरणासारखी काही प्रक्रिया घडली असावी काय, हा त्यांचा प्रश्न.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मराठीची शब्दसंपत्ती बहुतांशी आर्यकुळातली. पण वाक्याची घडण अनेक ठिकाणी द्राविड भाषांशी जुळते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद घ्या. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’, त्याला सामावून ‘आपण’. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’. संस्कृतात हा भेद नाही. दुसऱ्याचे बोलणे वा हेतू सांगताना वाक्याच्या शेवटी आपण ‘म्हणून’ जोडतो, तेही कन्नड-तेलुगूच्या वळणाचे. मग अशी कल्पना करता येते की इकडच्या द्राविडभाषी जनसामान्यांनी वरच्यांची प्राकृत उचलली, ती आपल्या व्याकरणाच्या साच्यात घालून. आणि कालांतराने तेच वळण सर्वांचे झाले.

मराठी भाषाभ्यासात या निबंधाचे काय झाले? कोणी तो संतापाने खोडून काढला असता तर एक वाद तरी झाला असता. त्याची बहुधा तळटीप झाली. आपली वंशावळ आपल्याला पाठ आहे: संस्कृत, महाराष्ट्री प्राकृत, अपभ्रंश, मराठी. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० चा. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला, आणि आपल्या भाषेचा शास्त्रशुद्ध इतिहास वाचण्यासाठी फ्रेंच यावी लागते ही नामुष्की थोडी कमी झाली. पण त्यातून आपण उचलली ती वंशावळच. विश्वनाथ खैरे यांनी मराठीचे तमिळशी असलेले नाते आयुष्यभर हिरिरीने मांडले. त्यांच्या व्युत्पत्ती सगळ्या स्वीकारार्ह नाहीत, तथापि त्यांना मिळालेला प्रतिसाद हा केवळ व्युत्पत्तींवरचा प्रतिसाद होता असे म्हणवत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद साहजिक होता, मलाही झाला. परंतु अभिजाततेच्या कसोट्या प्राचीनता आणि ग्रंथपरंपरा या आहेत. जी भाषा आपले मूळ मजुरांच्या तोंडात शोधील, तिला या दालनात बसावयास जागा नाही.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य करावयास हवी. साउथवर्थ यांचा सिद्धांत नाकारण्यास चांगली कारणे आहेत. मराठीने तीन लिंगे टिकवली, जी हिंदीनेही टिकवली नाहीत. विभक्तीपूर्वीचे सामान्यरूप आणि त्याचे सगळे अवघड प्रकार टिकवले. ज्या भाषेच्या वाटेत पिजिनची अरुंद खिंड आली, तिच्यातून हे सामान पलीकडे पोचणे कठीण. शिवाय शेजारच्या भाषा एकमेकींना हळूहळू, कोणतीही मोडतोड न होता, आपले वळण देतात हे पर्यायी स्पष्टीकरण उपलब्ध आहेच. म्हणजे ‘मराठी क्रिओल नाही’ असे म्हणणारा माणूस खरे बोलत असणे पुष्कळ शक्य आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. पुराव्याने दिलेला नकार आणि दुखावून दिलेला नकार शब्दशः सारखेच दिसतात. ते वेगळे कसे ओळखावेत?

मला एकच उपाय सुचतो: तोच नकार हैतीच्या माणसाने दिला तर आपण काय करतो ते पाहावे. मिशेल डिग्राफ हे हैतीत जन्मलेले भाषावैज्ञानिक. क्रिओल ही रचनेने वेगळी, अपवादात्मक जात आहे, ही समजूतच वसाहतवादाचे शेपूट आहे, असे ते सातत्याने मांडत आले आहेत. हैतीची भाषा फ्रेंचपासून आणि पश्चिम आफ्रिकी भाषांपासून तशीच घडली, जशा इतर भाषा घडतात. ‘क्रिओल’ हे नाव तिच्या व्याकरणाबद्दल काही सांगत नाही, तिच्या बोलणाऱ्यांच्या इतिहासाबद्दल सांगते. त्यांच्या विरोधकांकडेही युक्तिवाद आहेत. पण डिग्राफ यांचे म्हणणे वाचताना ‘हा स्वभाषेच्या अभिमानाने बोलतो आहे’ असे माझ्या मनात आले आणि मराठीचे सामान्यरूप पुढे करताना मात्र मी शास्त्रज्ञ राहिलो, तर माझे व्रत मोडले आहे. त्यांच्या युक्तिवादाला जो पुरावा लागेल तोच माझ्या युक्तिवादाला लागावा. दोघेही सुटोत, नाहीतर दोघेही चौकशीस उभे राहोत.

याच्या उलट टोकाचा एक मोहही आहे, आणि साहित्यसमीक्षेत तो अधिक बळावला आहे. होमी भाभा यांच्यानंतर संकर हा शब्द दोषाचा राहिला नाही, भूषणाचा झाला. मार्तिनिकच्या तीन लेखकांनी १९८९ मध्ये क्रिओलपणाच्या गौरवाचा जाहीरनामा काढला, आणि मग आपल्याकडच्या चर्चासत्रांतूनही ‘आपण सारेच क्रिओल’ असा सूर ऐकू येऊ लागला. हे ऐकताना मला अवघडल्यासारखे होते. कॅरिबियन क्रिओल भाषा ज्या प्रसंगी जन्मल्या तो प्रसंग जहाजाच्या तळाशी साखळदंडांचा आणि मळ्यावरच्या चाबकाचा होता. एकमेकांची भाषा न कळणारी माणसे जिवानिशी एकत्र आणली गेली होती. त्या दुःखाची उपमा करून ती आपल्या अंगावर दागिन्यासारखी मिरवणे हे अनादराचेच दुसरे रूप होय. मराठीचा इतिहास तो नव्हे.

तो तर नव्हेच. पण मग कोणता? साउथवर्थ यांच्या प्रतिपादनाचा काटा मला येथे रुततो, आणि तो ‘क्रिओल’ या शब्दात नाही. समजा, पिजिनची गोष्ट चुकीची ठरली आणि हळूहळू वळण बदलल्याची गोष्ट खरी निघाली. तरीही हा प्रश्न उरतो की ज्यांच्या तोंडी ते वळण बदलले ती माणसे कोण होती? ज्यांना ग्रंथांपाशी येऊ दिले गेले नाही, त्यांनी ग्रंथांच्या भाषेचे व्याकरण आतून बदलले असेल, तर आज आपण ज्या ‘आपण’मध्ये सर्वांना सामावतो, तो ‘आपण’ त्यांची देणगी ठरतो. हे सिद्ध झालेले नाही. परंतु हे सिद्ध होऊ नये असे वाटणारे मन कोणाचे आहे, हे ओळखण्यास सिद्धतेची वाट पाहावी लागत नाही.

आपल्याकडे याचे एक जुने भान होते. नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण त्याने म्हाताऱ्याकोताऱ्या नागवल्या जातील, ही स्मृतिस्थळातली हकीकत वर्ध्यापासून फार दूरची नाही; ऋद्धपूर शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. या गोष्टीचा उल्लेख आपण मराठीच्या गौरवार्थ करतो. पण नागदेवांच्या नजरेसमोर भाषेचा गौरव नव्हता, म्हाताऱ्या होत्या.

हाच प्रश्न साहित्यात अवतरणचिन्हांच्या रूपाने येतो. त्रिनिदादच्या नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) या कादंबरीत पात्रे हिंदीत बोलतात तेव्हा त्यांचे बोलणे शुद्ध, प्रमाण इंग्रजीत दिले आहे. तीच पात्रे इंग्रजी बोलू लागतात तेव्हा ते इंग्रजी त्रिनिदादच्या बोलीतले, व्याकरण सुटलेले. मळ्यावरच्या हिंदीला ती बोलणारे ‘टूटल’ म्हणत, पण नायपॉल यांनी तिला भाषांतरात पूर्ण प्रतिष्ठा दिली. बोली इंग्रजीला मात्र संवादाच्या कुंपणातच ठेवले, निवेदन प्रमाण राहिले. त्यांच्याच बेटावरचे सॅम्युएल सेल्व्हन यांनी ‘द लोन्ली लंडनर्स’ (१९५६) मध्ये वेगळा निर्णय घेतला होता. तेथे निवेदकच त्या बोलीच्या लयीत बोलतो, आणि त्यामुळे वाचकाला पात्रांपेक्षा उंचावर बसण्यास खुर्ची मिळत नाही. आपल्याकडे हिंगणघाटला जन्मलेल्या उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधली कौतिक वऱ्हाडीत बोलते आणि निवेदन प्रमाण मराठीत चालते. ‘धग’ची थोरवी याने उणावत नाही, कौतिकच्या वाक्यांत जे बळ आहे ते निवेदनाने कोठेही आपल्याकडे ओढून घेतलेले नाही. तरी असे वाटते की अवतरणचिन्हाच्या आत काय ठेवायचे आणि बाहेर काय, हा निर्णय आपल्या समीक्षेने तंत्राचा मानला, आणि ‘वास्तवदर्शी संवाद’ अशी पावती फाडून तो विषय मिटवला. दुःख बोलीत भोगावे आणि त्याचा अर्थ प्रमाणभाषेत लागावा, ही वाटणी आपल्याला फार काळ नैसर्गिक वाटली. दलित आत्मकथनांनी ती पुष्कळ ठिकाणी मोडली, तेव्हा चर्चा झाली ती अनुभवाच्या दाहकतेची. निवेदकाच्या क्रियापदांची क्वचितच.

आता वर्ध्याला परत येऊ. कारण वर्ध्याचा स्वतःचा हात यात गुंतलेला आहे. विश्व हिंदी संमेलन नागपुरास सुरू झाले, राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुढाकाराने. पाचवे १९९६ मध्ये त्रिनिदादला आणि सातवे २००३ मध्ये सुरीनामच्या पारामारिबोत भरले. सुरीनामला १८७३ पासून सुमारे ३४ हजार माणसे करारावर गेली, बहुतेक भोजपुरी आणि अवधी पट्ट्यातली. त्यांच्या बोली एकमेकींत मिसळून तेथे जी भाषा तयार झाली ती सरनामी. घरात सरनामी, सरकारदरबारी डच, रस्त्यावर स्रनान, आणि पूजापाठाला व सभेला हिंदी. या हिंदीच्या शेजारी उभी राहिली की सरनामी ‘मोडकी हिंदी’ ठरते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काही तरुण लेखकांनी हे नाकारले. जीत नराइन यांचा ‘दाल भात चटनी’ हा संग्रह १९७७ चा. ते सरनामीत लिहू लागले, रोमन लिपीत. आणि १९८६ मध्ये त्या लिपीतील लेखनपद्धतीला शासनाची मान्यता मिळाली. देवनागरी सोडल्याचे दुःख हिंदीप्रेमींना झाले. पण डच शाळांत शिकलेल्या मुलांना जी लिपी येते तीत त्यांची आई वाचता यावी, हा विचारही नागदेवांच्या विचाराहून निराळा नाही.

त्रिनिदादची हकीकत अधिक करुण आहे. तेथील भोजपुरीचे पहिले सविस्तर वर्णन पेगी मोहन यांनी १९७८ च्या आपल्या प्रबंधात केले. त्या स्वतः त्रिनिदादच्या. ज्या भाषेचे व्याकरण त्या लिहीत होत्या ती वृद्धांच्या तोंडीच उरली होती. पुढे तिच्या मरणाची प्रक्रिया हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. नंतर त्या दिल्लीस स्थायिक झाल्या, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी भारताच्या भाषांकडेच कॅरिबियन डोळ्यांनी पाहिले: वरून आलेले शब्द, खालून आलेले व्याकरण. साउथवर्थ यांनी मराठीबद्दल जे विचारले होते तेच, अर्धशतकानंतर, आणि या वेळी क्रिओल प्रदेशात वाढलेल्या व्यक्तीकडून. त्यांच्या सगळ्या अनुमानांशी मी सहमत नाही. मात्र एक बदल झाला आहे. मोनाच्या ग्रंथात मराठी हा नमुना होता आणि पाहणारा तिसराच कोणी होता. आता ज्यांना नमुना म्हणून पाहिले गेले त्यांच्यातलेच कोणी आपल्याला पाहत आहे. हे सोसण्याची तयारी नसेल, तर त्यांच्या भाषांवर प्रबंध लिहिण्याचा आपला हक्क मला संशयास्पद वाटतो.

हिंदीसाठी काढलेल्या विद्यापीठाला सरनामीचे काय करावे हा प्रश्न टाळता येणार नाही. सोपा मार्ग मोजणीचा आहे: तिला हिंदीची बोली म्हणावे, म्हणजे हिंदीचे विश्व तेवढे रुंदावते. २०११ च्या जनगणनेत हिंदीच्या ५२ कोटींहून अधिक भाषकांत भोजपुरीचे पाच कोटींहून अधिक भाषक मोजलेले आहेत. मराठीही वऱ्हाडीला अशीच मोजते. मोजताना ‘आपण’ म्हणावयाचे आणि शिकवताना ‘आम्ही’, अशी ही रीत आहे.

आणि ज्यांना मोजणीतही या कुटुंबात घेता येत नाही, ते? वर्धा भागातील कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. मरे एमेनो यांनी १९३० च्या दशकात भारतात केलेल्या क्षेत्रकार्यात वर्धा परिसरातली कोलामीही टिपली आणि १९५५ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांचा भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा सुप्रसिद्ध निबंध आला. त्याआधी १९५० मध्ये कोलामीचे एक व्याकरण सेतुमाधवराव पगडी यांनी लिहिले होते. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. आदिलाबादेत अधिकारी असताना कोलामांची आणि गोंडांची भाषा शिकून तिची व्याकरणे लिहिणारे पगडी आपल्या स्मरणात फारसे नाहीत. ज्यावेळी सेवाग्रामात मातृभाषेतून शिक्षणाचा विचार आकार घेत होता, त्याच सुमारास त्याच परिसरात एक परदेशी माणूस कोलामीची क्रियापदे उतरवून घेत होता. या दोन कामांची भेट झाली नाही. मातृभाषा म्हणजे मराठी किंवा हिंदी असेच सर्वांनी धरले असावे. वर्ध्यात आज जपानीच्या वर्गात बसता येते. कोलामाच्या मुलाने आपल्या भाषेची पदवी कोठे घ्यावी?

हे लिहीत असताना अलीकडचा एक प्रसंग आठवतो. आष्टीकडची एक मुलगी लघुप्रबंधासाठी आजीच्या तोंडचे शब्द गोळा करून आणीत असे. तिने वहीत दोन रकाने आखले होते. एकावर ‘अशुद्ध’, दुसऱ्यावर ‘शुद्ध’. पहिल्यात ‘डोया’, दुसऱ्यात ‘डोळा’. पहिल्यात ‘मले’, दुसऱ्यात ‘मला’. मी ‘अशुद्ध’ खोडून ‘बोली’ लिहावयास सांगितले. तिने ते लिहिले आणि विचारले, मग दुसऱ्यावर काय लिहू? ‘शुद्ध’ तर आता ठेवता येईना. ‘मराठी’ लिहा म्हणालो असतो, तर पहिला रकाना कोणत्या भाषेचा होता? ‘प्रमाण’ हा शब्द ओठांवर आला, पण ज्याच्या मापाने दुसऱ्याला मापावयाचे तो प्रमाण, आणि आजीला मापावयास ती मुलगी आली नव्हती. माझ्याने उत्तर देववले नाही. पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन आली तेव्हा तिने दोन्ही मथळे बदलले होते. एकावर होते ‘आजीचे’, दुसऱ्यावर ‘पुस्तकातले’. बहिःस्थ परीक्षकांना हे चालेल का, असे तिने विचारले. मी म्हणालो, विचारतील. तेव्हा आजीचे नाव, वय आणि गाव तेवढे वर लिहून ठेव.